इथे आजवर कुणी मेलं नाही

काचेचं दार आतून ढकललं गेलं आणि बाहेर सतरंज्यांवर बसलेली दोन-अडीचशे माणसं एका झटक्यात उठून उभी राहिली. दारातून माझी मावशी बाहेर आली. स्वतःच्या पायांनी. उजवा हात डोक्याच्या वर उंच धरलेला, आणि तो कोपरापासून बोटांपर्यंत निळा.

"बघा!" माइकवाला किंचाळला. "तासाभरापूर्वी हा हात मेलेला होता! तोंड कुठे होतं? कानाशी! जीभ? लाकूड! आणि आता? बोला ताई, तुम्ही काय करता?"

"शाळेचे गणवेश शिवते," मावशी खणखणीत म्हणाली. "आणि माझी कात्री तिकडे तशीच उघडी पडलीय. कुणीतरी मला घरी सोडा."

लोक हसले, मग टाळ्या, मग रडारड. शेजारणीचा फोन आल्यावर मी हॉस्पिटलातून धावत आले होते. धाप लागलेली, आणि समोर ही जत्रा.

मावशीच्या मागून फुंकरबाबा आला. पांढरा सदरा, पांढरी पँट, पांढरे बूट. दुधाचं पातेलं लवंडल्यासारखा दिसत होता. त्याने माइक हातात घेतला, डोळे मिटले.

"माणसाच्या अंगात नळ आहेत. हजारो नळ! एक नळ तुंबला, की हात गेला. डॉक्टर काय करतो? नळ कापतो! मी काय करतो? शक्तिवस्त्र गुंडाळतो आणि फुंकर घालतो. बासरी कशाने वाजते? फुंकरीने! कापून वाजली का कधी बासरी?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

माझ्या पुढे बसलेला गृहस्थ आमच्या गल्लीतला प्लंबर होता. आयुष्य नळ कापण्यात गेलेलं. तोही मान डोलावत होता.

ही जागा म्हणजे फर्निचरची बंद पडलेली शोरूम. पुढे रस्त्यावर मोठी काच, मागे सामान उतरवायचा दरवाजा. काचेवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं: 'इथे आजवर कुणी मेलं नाही.' शक्तिवस्त्र म्हणजे निळीच्या पाण्यात बुडवलेला टॉवेल. आत 'शांतिकक्ष' होता. तिथे पेशंट आणि एकच नातेवाईक. फोन बाहेर ठेवायचे. फोनच्या लहरी म्हणे शक्तीला आडव्या जातात.

मी मावशीला रिक्षात घातलं. "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चल."

"कशाला? बरी झाले ना मी?"

"म्हणूनच."

"हे बरंय तुमचं! आजारी माणसाला म्हणता थांबा, आणि बऱ्या माणसाला म्हणता चला."

आईच्या माघारी मला वाढवणारी ही मावशी. जिभेवर सुई, हातात कात्री. त्या उजव्या हातावर तिचं घर चालायचं. काका निवृत्त होऊन घरी बसलेले. तो हात गेला असता तर काय, हा विचार सकाळपासून माझ्या डोक्यात घण घालत होता, आणि ती मात्र शेजारणीला निळा रंग दाखवत बसली होती.

घरी मी कागदावर चित्र काढून समजावलं. शरीरक्रियाशास्त्राची पदवी होती, उत्साह दांडगा. "मेंदूकडे जाणाऱ्या नळीत रक्ताची गुठळी अडकते. मेंदूचा तेवढा भाग उपाशी राहतो. हात पडतो, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं. कधीकधी गुठळी बारकी असते. आपली आपण विरघळते, आणि सगळं पहिल्यासारखं होतं. बहुतेक वेळा तासाभराच्या आतच."

"आपोआप?"

"आपोआप. तू मशीनवर बसून राहिली असतीस तरी."

"आणि नेमकी बाबांनी फुंकर घातली तेव्हाच?"

"किती वेळ घातली फुंकर?"

"तासभर घालत होते बिचारे."

"मग तासभर फुंकर घातल्यावर एखादी तरी नेमक्या वेळेला पडणारच की!"

काका फिसकन हसले. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी हसू गिळलं.

"हा इशारा होता मावशी. मोठा झटका पुढच्या काही दिवसांत येऊ शकतो. मानेतल्या नळ्या तपासू, गोळ्या सुरू करू, रक्तदाब बघू. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"अर्धा दिवस? तुझ्या हॉस्पिटलात?" ती आता खरोखर चिडली. "माझ्या जावेला लकवा मारला तेव्हा मी होते सोबत. खिडकीवरचा म्हणाला, आधी केसपेपर. केसपेपरची खिडकी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. तिथला म्हणाला, आधी डॉक्टरची सही. डॉक्टर म्हणाला, स्कॅन. लिफ्टची चावी ज्याच्याकडे, तो गेला जेवायला. जाऊ स्ट्रेचरवर तोंड वाकडं करून छताकडे बघत होती आणि आम्ही खिडक्या मोजत होतो. आणि बाबांकडे? गाडी थांबायच्या आत चार पोरं धावत आली. उचललं, आत नेलं. एकाने विचारलं नाही, केसपेपर कुठाय."

मी चित्राचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी हे आमच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरबाईंना सांगितलं. लकव्याचा पेशंट दारात आल्यापासून त्याला औषध मिळेपर्यंत वेळ कुठे कुठे गळतो, हे शोधायला त्यांनीच मला ठेवलं होतं. बाई गोड बोलण्यासाठी प्रसिद्ध नव्हत्या.

"मावशी बरोबर बोलतेय तुझी," त्या म्हणाल्या. "तो लबाड आहे, पण त्याची पोरं दारात उभी असतात. आपली कुठे असतात? कँटीनला."

त्याच आठवड्यात त्यांनी हॉस्पिटल हलवून सोडलं. अँब्युलन्समधूनच फोन यायचा. फोन आला की स्कॅनचं टेबल मोकळं करायचं, एक नर्स आणि एक मदतनीस दारात. पेशंट थेट स्कॅनला, कागद नंतर. केसपेपरच्या खिडकीवरच्या बाबूला हे अजिबात पटलं नाही.

"नाव नसताना मशीनमध्ये घालायचं? मग मशीन फोटो कुणाचा काढणार?"

"डोक्याचा," बाई म्हणाल्या. "नाव डोक्याच्या आत लिहिलेलं नसतं."

घाई कशाची, तेही सांगते. झटका गुठळीने आला की मेंदूत रक्त सांडल्याने, हे बाहेरून बघून कुणालाही कळत नाही. स्कॅन लागतो. गुठळी असेल तर ती विरघळवणारं औषध आहे, पण ते सुरुवातीपासून साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितका मेंदू जास्त वाचतो. रक्त सांडलेलं असेल आणि तेच औषध दिलं, तर माणूस हातचा जाईल. म्हणून आधी स्कॅन, मग सुई, आणि दोन्ही धावत.

आम्ही धावायला तयार झालो, पण पेशंट येत होते उशिरा. आणि येत होते निळे.

पहिला निळा हात पाहिला तेव्हा आमचा नवा डॉक्टर घाबरला. "ऑक्सिजन लावा! हात काळानिळा पडलाय!" बाईंनी स्पिरिटचा बोळा घेऊन हातावर फिरवला. बोळा निळा झाला. "रंग आहे हा, बाळा. ऑक्सिजन तुलाच लाव."

मग दुसरा आला. मग तिसरा. झटका सकाळी आलेला, पेशंट आमच्याकडे दुपारी. औषधाची वेळ टळून गेलेली. "एवढा वेळ कुठे होतात?" मी विचारायची. "घरीच." सगळे घरीच. सगळ्यांची नजर फरशीवर.

शेवटी एक सून बोलली. सासूला दाखल करून ती जिन्यात बसली होती. मी शेजारी जाऊन बसले, काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "तीन तास ठेवलं हो. मग मागच्या दरवाजातून त्यांच्याच जीपमध्ये घातलं. म्हणाले, तुमच्यात श्रद्धा कमी पडली. बाहेर कुणाला सांगितलंत, तर आत जे बसलेत त्यांचीही शक्ती तुटेल. ते पाप तुमच्या माथी." तिने पदराने नाक पुसलं. "माझाच विश्वास कमी होता. मला आतून वाटत होतं, हॉस्पिटलात न्यावं. बाबांना कळलं असणार."

त्या क्षणी मला काचेवरची ती पाटी आठवली. पाटी खोटी नव्हती. तिथे खरोखरच कुणी मेलं नव्हतं. आपोआप बरा होणारा तासाभरात पुढच्या दाराने गर्दीसमोर चालत यायचा. बरा न होणारा मागच्या दाराने गुपचूप आमच्याकडे यायचा, आणि मरायचं असेल तर आमच्याकडे मरायचा. जगणारे त्याच्या खात्यात, मरणारे आमच्या. वर लोक म्हणायला मोकळे: बघा, हॉस्पिटलात गेला की माणूस संपतोच.

हे ऐकून मावशी मशीनवरून उठलीसुद्धा नाही. "एकाला समोर आणून उभं कर. तो म्हणू दे की मी मागच्या दाराने गेलो."

"कुणी तयार होत नाही गं. लाजतात."

"मग झालं तर. शहाणे, उद्या मीच बोलणार आहे तिथे. माझा अनुभव. ये आणि ऐक. हात आता निळा नाही, धुतलाय."

"डॉक्टरबाईंनी दिलेली रक्त पातळ ठेवायची ही गोळी तरी घे."

"बाबांनी सांगितलंय, गोळीने फुंकर मरते."

मी गोळ्या टेबलावर ठेवून आले. त्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट होती. काका पुढच्या रांगेत, मी त्यांच्या मागे. मावशी स्टेजवर चढली, माइक उजव्या हातात.

"मी काही भोळी नाही," ती म्हणाली. "माझी भाची हॉस्पिटलात आहे. ती म्हणते, सगळं आपोआप झालं. मी म्हटलं, आपोआप काहीच होत नाही गं, शर्टाचं साधं काजसुद्धा..."

ती थांबली. ओठाची उजवी कड खाली घसरली. "काज... का... सु..." माइक हातातून सुटला आणि फळीवर आपटला. मावशी एका बाजूला कलली. दोन पोरांनी तिला झेललं.

आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आता चमत्कार डोळ्यांदेखत होणार.

"शांती! शांती!" माइकवाला ओरडला. पोरांनी मावशीला उचलून आत नेलं. काकांना आत ओढलं, त्यांचा फोन टोपलीत. मी काचेपाशी पोचेपर्यंत दार बंद झालं होतं.

मी डॉक्टरबाईंना फोन केला. "मावशी. उजवी बाजू, बोलणं गेलं. आत्ता, माझ्यासमोर."

"अँब्युलन्स पाठवते. बाहेर काढ तिला."

सांगणं सोपं होतं. काच मी बडवली. एका बाईने माझी वेणी धरून मागे खेचलं. "बरी होतेय ती! तुझ्या पायगुणाने अडलंय सगळं!" दुसरा म्हणाला, "हॉस्पिटलची दलाल आहे ही. कमिशन मिळतं." प्लंबर मला समजावायला आला. "ताई, थोडा धीर धरा. नळ मोकळा व्हायला वेळ लागतो."

"दादा, तुमच्या गिऱ्हाइकाच्या नळावर तुम्ही फुंकर घालून आलात तर तो पैसे देईल का?"

तरी तो बाजूला झाला नाही.

माइक अजून स्टेजवर पडलेला होता. मी वर चढले आणि तो उचलला.

"ज्यांचं माणूस या जागेतून मागच्या दाराने गेलं, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. चारशे-पाचशे माणसं, आणि सगळ्यांची नजर सतरंजीवर. "तुम्हाला सांगितलंय की श्रद्धा तुमची कमी पडली," मी म्हटलं. "हे प्रत्येकालाच सांगितलंय. मी मागच्या गल्लीत चाललेय. माझी मावशी तिथूनच बाहेर येणार आहे. बघायचं असेल त्यांनी या."

मग पोरांनी मला स्टेजवरून खाली ढकललं. गुडघा फुटला. मी उठून इमारतीला वळसा घातला.

मागची गल्ली अरुंद होती, मोडक्या खोक्यांनी भरलेली. लोखंडी दरवाजा आतून बंद. मी हाताची साल जाईपर्यंत तो वाजवला. आतून कुणी कडी काढली नाही. गल्लीच्या तोंडाशी अँब्युलन्स येऊन उभी राहिली, आणि मदतनीस स्ट्रेचर घेऊन माझ्याजवळ आला. पण दारच उघडेना.

तेवढ्यात मागे पावलं वाजली. एक म्हातारा आला. मग एक जोडपं. मग ती जिन्यातली सून. तीही गर्दीत होती, पापक्षालनाला आली होती म्हणे. मग आणखी काही. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. आणि एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली: गल्लीला जायचा रस्ता आडवा-तिडवा होता, वखारीच्या बाजूने. मी फक्त 'मागची गल्ली' म्हटलं होतं. यांच्यापैकी कुणालाही रस्ता विचारावा लागला नव्हता.

"माझ्या भावाला याच दाराने नेलं," म्हातारा दरवाजाकडे बघत पुटपुटला.

त्या जोडप्यातल्या बाईने चमकून पाहिलं. "तुमच्याही माणसाला?"

"तुमच्याही म्हणजे?"

"आम्हाला म्हणाले, असं पहिल्यांदाच झालं. तुमच्याच घरात काहीतरी खोट आहे."

"हेच. हेच शब्द."

असा तास गेला, तेव्हा गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून एक जीप हॉर्न वाजवत आली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "अहो, बाजूला व्हा! पेशंट न्यायचाय."

"कुठे?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? नेहमीच्या ठिकाणी. हॉस्पिटलात!" तो वैतागून म्हणाला. "बाबांनी निरोप पाठवलाय, ही काही उठत नाही."

दरवाजा उघडला. दोन पोरं मावशीला चादरीत घालून बाहेर आणत होती, हात निळा, डोळे उघडे. मागे काका, पांढरेफटक. त्यांच्या मागे फुंकरबाबा, बुटांना चिखल लागू नये म्हणून चवड्यांवर चालत. गल्लीत एवढी माणसं बघून तो जागीच थबकला.

"अरे वा, मंडळी," तो म्हणाला. "इथे... इथे शक्ती जरा कमी असते. पुढे या सगळे."

"माझ्या भावाला काय म्हणाला होतास?" म्हाताऱ्याने विचारलं.

"ज्याचं त्याचं प्रारब्ध, आजोबा..."

"नाही. शब्द सांग. काय म्हणाला होतास?"

पुढचं मी पाहिलं नाही. आम्ही मावशीला स्ट्रेचरवर घेतलं, काकांना अँब्युलन्समध्ये ढकललं. नंतर कळलं की पुढच्या दाराची गर्दीही आरडाओरडा ऐकून मागे आली, आणि पोलीस येईपर्यंत बाबा जीपमध्ये काचा वर करून बसला होता. फुंकर घालून त्याला गर्दी काही पांगवता आली नाही.

हॉस्पिटलच्या दारात नर्स उभी होती. स्कॅनचं टेबल रिकामं होतं. बाबू हातात कोरा कागद घेऊन स्ट्रेचरबरोबर धावत होता, "नाव नंतर, नाव नंतर," असं स्वतःलाच बजावत. गुठळीच होती. काकांनी सही केली, औषध शिरेत गेलं, आणि आम्ही वाट पाहत बसलो.

संध्याकाळी मावशीने उजवा पाय हलवला. दुसऱ्या दिवशी काकांना 'गाढव' म्हणाली, स्पष्ट. काका रडले. महिन्याभरात ती चालायला लागली, बोलायलाही, थोडी अडखळत. पण उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. कात्री हातात राहत नाही. मशीनवर आता कापड टाकलेलं असतं, आणि काकांनी एका दुकानात हिशेबाचं काम धरलंय.

घरी सोडायच्या दिवशी काकांनी डॉक्टरबाईंना विचारलं, "तिथे न थांबता सरळ इकडे आलो असतो, तर हात वाचला असता का?"

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "वाचण्याची शक्यता जास्त होती. आणि पहिल्या झटक्यानंतर गोळ्या घेतल्या असत्या, तर कदाचित दुसरा आलाच नसता. खात्री नाही देऊ शकत."

"बाबा तर खात्री द्यायचा."

"हो," बाई म्हणाल्या. "त्याला परवडतं. चुकला की पेशंट माझ्याकडे असतो."

मावशी बिछान्यावर बसून डाव्या हाताने साडीची पिन लावायचा प्रयत्न करत होती. मी पुढे झाले, तिने माझा हात झटकला. "रा...हू दे," ती म्हणाली. "लोकांना... सांग."

म्हणून सांगते. कुणाचं तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात उचलेना, बोलणं जड झालं, तर घड्याळ बघा आणि अँब्युलन्सला फोन करा. ज्या हॉस्पिटलात स्कॅन आहे, तिथेच न्या. वाटेत कुठेही थांबू नका, कुणी कितीही प्रेमाने दार उघडलं तरी. झटका आपोआप ओसरला, तरी त्याच दिवशी दाखवा. तो ओसरतो म्हणजे गेला असं नाही. तुमच्या गावच्या हॉस्पिटलात आधी केसपेपर मागत असतील, तर भांडा. लबाडाची पोरं दारात उभी राहू शकतात, तर आपलीही राहू शकतात.

आणि 'आमच्याकडे शंभरातले शंभर बरे होतात' असं कुणी म्हणालं, तर नमस्कार करायच्या आधी एवढंच विचारा: जे बरे झाले नाहीत, ते आत्ता कुठे आहेत?